ओढ्याकाठची दरड

फार वर्षांपूर्वी रानाचा कारभार पंच पाहत असत, तेव्हाची ही गोष्ट. साळू नावाच्या साळिंदराने एक लहानसा पक्ष काढला होता. पंचांची निवडणूक जवळ आली, तेव्हा कोणता प्रश्न घेऊन रानात फिरायचं हे ठरवायला तो घरोघर विचारत हिंडला.

ओढ्याकाठची शेवंती सशीण म्हणाली, “साळूदादा, आमच्या बिळांवरची दरड खचतेय. पावसाळ्याआधी तिथे दगड रचायला हवेत. तेवढं पंचांच्या कानावर घाला.”

साळूने दरडीची भेग स्वतः पाहिली आणि शब्द दिला.

पण बैठकीत त्याचा सोबती मुंगूस हसला. “दरडीखाली सशांची दोन-चार घरं. त्यांच्या मतांनी काय होणार? वानरं उष्टी जांभळं सगळ्यांच्या डोक्यावर फेकतात, त्यावर बोला. अख्खं रान चिडलंय.”

साळूला ते पटलं नाही. पण निवडून आलो की दरडीचंही बघू, अशी त्याने मनाची समजूत घातली.

जांभळांवरून रान पेटलं आणि साळू पंच झाला. सत्कार चालू असतानाच पाऊस कोसळला, दरड खचून बिळांवर आली. शेवंतीची पिल्लं बिळातच राहिली.

साळू धावत गेला. चिखल उकरून दमलेल्या शेवंतीने विचारलं, “दादा, आमचं सांगायचं विसरलात का हो?”

“विसरलो, बाई,” साळू मान खाली घालून म्हणाला.

“चालायचंच,” ती डोळे पुसत म्हणाली. “एवढ्या धामधुमीत कोणाच्या लक्षात राहतं?”

आपण विसरलो नव्हतो, हे साळूला तिला कधीच सांगता आलं नाही.