फुकटचे पहारेकरी

कॉम्प्युटरवर कापडी झाकण घालायचे, त्या काळची गोष्ट. ओतूरच्या हांडेबाईंच्या कॉम्प्युटरमध्ये त्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. पहिल्या दिवसापासून तिथे एक साधा अँटीव्हायरस पहारा देत असे. तो रोज म्हणे, "दादा, नवे चोर आलेत. त्यांची ओळख करून घ्यायला थोडा वेळ द्या."

"उद्या बघू," कॉम्प्युटर म्हणे.

एकदा चोरांची बातमी ऐकून कॉम्प्युटर घाबरला. दारात एक ऐटबाज पहारेकरी उभाच होता. "पगार नको, फक्त सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या द्या," तो म्हणाला. मागोमाग दुसरा आला, तोही फुकट.

"फुकटच आहेत, तर दोघंही राहू देत," म्हणत कॉम्प्युटरने त्यांना आत घेतलं आणि जुन्याला कोपऱ्यात बसवलं.

झालं! दुसऱ्याच्या हातात किल्ल्या पाहून पहिला ओरडला, "चोर!" दुसऱ्याने त्याचीच मानगूट धरली. दिवसभर ही झोंबाझोंबी चालली. कॉम्प्युटरला धाप लागली. बाईंचा चहा निवला, तरी एक ओवी उघडेना. त्या गोंधळात खरा चोर आला आणि ओव्यांच्या खोलीला स्वतःचं कुलूप ठोकून निघून गेला.

कॉम्प्युटर रडत जुन्या पहारेकऱ्याकडे आला. "तू तर घरचा. तू तरी का नाही अडवलंस त्याला?"

"माझ्या समोरूनच गेला, दादा," तो म्हणाला. "पण त्याची ओळख तुम्ही उद्यावर टाकली होती."