शालीखालची मोजणी

"मग सही करायला तुमचं काय जातं, बाई?"

असं तोंडावर विचारलं त्यानं. शार्दूल त्याचं नाव. पोरगा हुशार, पण ताठा हुशारीच्या वरचढ. अंबुजाबाईंच्या हाताखाली शिकत होता.

काम त्यांचं असं. भल्या मोठ्या यंत्रात कण पळवायचे आणि जाड लोखंडी भिंतीवर आपटायचे. ओळखीचे बहुतेक कण भिंतीतच अडकतात. कुणी कधी न पाहिलेला एक हलका कण असलाच, तर तो पार जाणार आणि पलीकडे ठिणगी पाडणार. असला तर. नसेलही.

खोट्या ठिणग्याही पडतात. म्हणून मोजणी झाकून ठेवायची. कुठल्या ठिणग्या धरायच्या, कुठल्या सोडायच्या, ते आधी ठरवायचं. मगच उघडायची.

शार्दूलनं स्क्रीनवरच्या आलेखावर बोट ठेवलं. "हा बघा उंचवटा. हाच तो कण. तुमची सही झाली की छापायला द्यायचा."

"कडेच्या ठिणग्या कुठं गेल्या?"

"खोट्या होत्या. सोडल्या."

"कशावरून खोट्या?"

"त्या धरल्या तर उंचवटा सपाट होतो ना!"

बाई हसल्या नाहीत.

"मोजणी कधी उघडलीस?"

"थोडीशी बघितली होती. ठरवायच्या आधी." मग तो उसळलाच. "बरोबरीचे सगळे पीएचडी झाले, बाई! घरी विचारतात, सापडलं का काही? काय दाखवू त्यांना? भिंत?"

बाई उठल्या. खोलीत यंत्रांसाठी कायमचा गारठा, म्हणून अंगावर शाल असायची. ती काढली आणि स्क्रीनवर टाकली.

"आता सांग. कुठल्या धरायच्या, कुठल्या सोडायच्या?"

तो शालीवर वाकला.

"बाई, उंचवटा अजून डोळ्यांसमोर दिसतोय."

"शालीतून?"

"हो."

"कमाल आहे. भिंतीतून गेला का माहीत नाही, शालीतून मात्र आला."

शार्दूल खाली बसला.

"ही मोजणी वाया गेली ना?"

"गेली."

"पुन्हा पहिल्यापासून?"

"यंत्र कुठं पळून जातंय?"

"आणि पुन्हा काहीच नाही आलं तर?"

बाईंनी शाल उचलली, झटकली, त्याच्या खांद्यावर टाकली.

"तर तो तिथं नाही, एवढं कळलं. तेवढं अंगण झाडून झालं."