कंदीलपुष्प आणि अंगठा

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंना भेटायला डोंगरावर आला. गुरू वैद्य होते. शिष्य आता राजधानीत मोठ्या हुद्द्यावर होता. आरोग्यविम्याच्या सुधारणेचा मसुदा त्याने स्वतः लिहिला होता. गुरूंच्याच जिल्ह्यात तो वर्षभर राबवून पाहिला होता, आणि उद्या सही झाली की साऱ्या राज्याला लागू होणार होता. स्वारी खुशीत होती. गुरूंची शाबासकी तेवढी बाकी होती.

“विमा घ्यायला आता नुसता अंगठा पुरतो,” तो सांगू लागला, “आणि इस्पितळात तोच अंगठा जुळल्याशिवाय उपचार नाहीत. लबाडीला वावच ठेवला नाही.”

गुरूंनी मसुद्याला हात लावला नाही. अंगणात यल्लप्पा नावाचा पाथरवट डाव्या हाताने चहा पीत बसला होता. त्यालाही सोबत घेऊन ते म्हणाले, “चल, तुला एक फूल दाखवतो.” शिष्य मनातून चिडला. एवढी डोकेफोड करून लिहिलेला मसुदा समोर आणि म्हाताऱ्याला फुलं सुचताहेत!

उतारावरच्या वेलीला कंदिलासारखी फुलं लागली होती. गुरूंनी एक ताठ फूल नखाने उभं चिरलं. नळीत केसच केस, सगळ्यांची टोकं खाली वळलेली आणि तळाशी दोन चिलटं कोंडलेली. वासाला भुलून आत शिरणं सोपं, बाहेर पडणं अशक्य.

“पक्का बंदोबस्त आहे,” शिष्य कौतुकाने म्हणाला.

गुरूंनी मान टाकलेलं दुसरं फूल चिरलं. आतले केस सुकले होते, चिलट एकही नव्हतं. “हे कालचं. फूल ठक खरं, पण पराग चिकटले की ते स्वतःच केस सुकवतं आणि चिलटाला जिवंत सोडतं. आलेला आतच मेला, तर वेलीचा वंश बुडेल हे त्याला ठाऊक आहे. तुझ्या मसुद्यात केस कुठे सुकतात?”

“नियम सर्वांना सारखा, गुरुजी. अंगठा काय, प्रत्येकाजवळ असतोच.”

“यल्लप्पा, साहेबांना हात दाखव.”

यल्लप्पाने उजव्या हातावरचं उपरणं सोडलं. हात मनगटाशीच संपला होता.

“खडीच्या मशिनीत अंगठा चेंगारला, साहेब. दवाखान्यात म्हणले, अंगठा लाव. कुठला लावू? त्योच तर दाखवाया गेलतो. दोन दिस बसवून ठिवलं. मग इख चढलं आन् हातच काढला. त्यांचं बी बराबर हुतं म्हणा. कागदात तसंच लिवलं हुतं.”

शिष्य तिथेच एका धोंड्यावर बसला. ‘अंगठा जुळल्याशिवाय उपचार नाहीत’ हे वाक्य त्याचंच होतं. बैठकीत ते वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती.

“साहेब,” यल्लप्पाने अदबीने विचारलं, “नव्या इम्यात डावा चालंल का? त्यो हाय अजून.”

शिष्याला त्याच्याकडे बघवेना. त्याने मसुदा गुडघ्यावर उघडला, ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं : आधी उपचार, ओळख नंतर. मग शाबासकी न मागताच तो डोंगर उतरू लागला.