आईसाहेबांच्या मांडीवरचा कलश

"मोटार वळणावर बोटभरही कलता कामा नये, आणि आईसाहेबांच्या मांडीवरच्या कलशातलं दूध थेंबभरही सांडता कामा नये!" अंबेघळ संस्थानच्या रायाजीराव महाराजांनी फर्मावलं. "दोन्ही जमेल अशा स्प्रिंगा निवडून बसवा. नाही जमलं, तर त्याच स्प्रिंगा डोक्यावर घ्या आणि संस्थानाबाहेर चालू लागा!"

मोटारखान्याचे दत्तोबा मेस्त्री समोर उभे होते. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

महाराजांनी नवी कोरी, शर्यतीची लाल मोटार घेतली होती. दसऱ्याला दुपारी घाटात शेजारच्या राजांशी शर्यत ठरली होती. पण संस्थानचा रिवाज असा, की नवं वाहन दसऱ्याला आधी देवीला जायचं. म्हणजे सकाळी त्याच मोटारीतून आईसाहेब डोंगराई देवीच्या अभिषेकाचं दूध घेऊन घाट चढणार. कलश काठोकाठ भरलेला, आणि दूध सांडलं तर अपशकुन! सकाळ आणि दुपार यांच्या मध्ये स्प्रिंगा बदलायला सवड होणार नव्हती.

चाचणी सुरू झाली. आता चाचणीसाठी आईसाहेबांना तसदी कशी द्यायची? म्हणून त्यांच्या जागी दगडू हुजऱ्याला कलश देऊन बसवलं. स्टिअरिंगचं चाक अर्थातच महाराजांच्या हाती. ते दुसऱ्या कुणाला मिळायची सोयच नव्हती.

दत्तोबांनी आधी मऊ स्प्रिंगा बसवल्या. गचके जाणवले नाहीत, पण पहिल्याच वळणावर मोटार अशी कलली, की अख्खा कलश दगडूच्या मांडीत उपडा झाला.

मग ताठ स्प्रिंगा बसवल्या. मोटार वळणावर खांबासारखी ताठ! पण प्रत्येक खड्ड्याला दूध उसळायचं आणि दगडूच्या मिशांवर येऊन बसायचं.

शेवटी मधल्या स्प्रिंगा बसवल्या. मोटार थोडी कलली, दूध थोडं सांडलं, आणि महाराज दुप्पट संतापले!

"उद्या सकाळी शेवटची चाचणी!" ते गरजले. "मग तुम्ही आणि तुमच्या स्प्रिंगा!"

दत्तोबा घरी येऊन डोक्याला हात लावून बसले. त्यांची मुलगी हौसा आईसाहेबांच्या महालात कामाला होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, मागं कोण बसतंय?"

"दगडू."

"आन् दसऱ्याला कोण बसनार?"

"आईसाहेब. आता ह्यात इचारायसारखं काय हाय?"

हौसा खुदकन हसली. "मग ताठ स्प्रिंगाच बसवा."

"अगं, आन् दूध?"

"दुधाचं माझ्याकडं लागलं!"

पोरीवर विश्वास ठेवण्यावाचून दत्तोबांकडे दुसरं काही उरलंही नव्हतं. त्यांनी ताठ स्प्रिंगा चढवल्या.

सकाळी दगडू नवं धोतर नेसून, तोंड पाडून मोटारीकडे निघाला. तेवढ्यात हौसा आडवी आली.

"सरकार, दगडूतात्यांना बसवू नका!"

"का?" महाराजांच्या भुवया चढल्या. "आता चाचणी कशी घ्यायची ते तू शिकवणार?"

"न्हाई सरकार. पन आईसाहेबांच्या मांडीवरचं दूध सांडू नये, असा आपला हुकूम हाय. दगडूतात्यांच्या मांडीवरचं न्हवं!"

दगडूने इतक्या जोरात मान हलवली, की पागोटं कानावर आलं.

"पोर बरोबर बोलतेय," पायऱ्यांवरून आवाज आला. आईसाहेब उतरत होत्या. "आण तो कलश इकडे."

आईसाहेब मागे बसल्या. हौसाने त्यांच्या मांडीवर काठोकाठ भरलेला कलश ठेवला. महाराजांनी मिशीला पीळ दिला आणि मोटार भरधाव सोडली.

"राया!"

महाराजांचा पाय आपोआप वर आला.

"देवीला निघालास की दरोडा घालायला?"

"आईसाहेब, ही शर्यतीची मोटार आहे..."

"पुढे बघ! खड्डा दिसत नाही का तुला?"

महाराजांनी खड्ड्याला वळसा घातला. पुढच्या खड्ड्यालाही घातला. तिसऱ्याला तर त्यांनी आईसाहेबांना विचारलं, डावीकडून जाऊ की उजवीकडून! घाटात मागून एक बैलगाडी आली. गाडीवानाने अदबीने मुजरा केला आणि तो पुढे निघून गेला.

मोटार वाड्यापुढे परतली, तेव्हा दत्तोबा धावत जाऊन कलशात डोकावले. दूध अजून काठोकाठ होतं. मोटारही कुठल्याच वळणावर कलली नव्हती!

"मेस्त्री!" महाराज घाम पुसत म्हणाले. "या कुठल्या स्प्रिंगा बसवल्यात?"

"त्याच, सरकार. ताठ. कालच्याच."

"अशक्य! मग काल दूध उसळलं कसं?"

दत्तोबांनी लेकीकडे बघितलं. हौसा पुढे झाली.

"सरकार, काल निम्म्याच स्प्रिंगा बसवल्या हुत्या. ताठ स्प्रिंगा चाकांवर हुत्या, पन मऊ स्प्रिंग ऱ्हायली हुती. ती आज मागच्या सीटवर बसवली!"

महाराजांनी वळून मागच्या सीटकडे पाहिलं. आईसाहेबांनी कलश सावरत त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"पण पोरी," महाराज ओशाळून म्हणाले, "ही मऊ स्प्रिंग असताना मी शर्यत कसा जिंकणार? आत्ता मला बैलगाडीने मागे टाकलं!"

"त्यात काय अवघड, सरकार? दर्शन झालं, की मऊ स्प्रिंग देवळात उतरवून ठेवायची!"

आधी आईसाहेबांना हसू फुटलं, मग महाराजांना. ते असे खदाखदा हसले, की ताठ स्प्रिंगांवरची मोटारसुद्धा हलायला लागली! त्यांनी तिथल्या तिथे दत्तोबांना मोटारखाना कायमचा बहाल केला आणि हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं.

आईसाहेबांनीही बोटातली अंगठी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"ही कशाबद्दल, आईसाहेब?"

"आजवर मला या वाड्यात मऊ कुणी म्हटलं नव्हतं, त्याबद्दल!"