चुन्याखालची लाल खूण

खाडीकाठच्या एका गावात सटवाजी नावाचा नकाशे काढणारा राहत होता. तिथल्या चावडीच्या भिंतीवर त्याने खाडीच्या मुखाचा नकाशा रंगवलेला होता. तो पाहूनच तांडेल होड्या हाकत. ज्याला नवा धोका दिसेल त्याने भिंतीवर खूण करायची, असा गावाचा रिवाज होता.

सटवाजीचा हात देखणा होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होते. पावसाळा लागताच नकाशाची नक्कल उतरवून त्याने घरी नेली. पावसाळाभर तो तिच्यावर राबला. वाऱ्याच्या दिशा काढल्या, गोड्या पाण्याच्या विहिरी काढल्या, देवळाचा कळससुद्धा सोडला नाही.

इकडे श्रावणात खाडीला पूर आला. वाळू वाहून गेली आणि मुखाशी एक खडक उघडा पडला. भरतीला तो पाण्याखाली दडे. सटवाजीचा धाकटा भाऊ धाकजी तांडेल होता. त्याला ओहोटीला तो खडक दिसला. पावसाळ्यात होड्या बंद होत्या, म्हणून कुणाला सांगत न बसता त्याने भिंतीवर लाल खूण केली आणि निर्धास्तपणे कामासाठी परगावी गेला.

पावसाळा सरता सरता सटवाजी रंग घेऊन चावडीत आला. चावडी झाडणारी भागू म्हणाली, “भाऊ, मधी धाकजीनं भिंतीवर कायतरी काढलंय. जरा बघून घ्या.”

“नकाशा माझा. त्यात मी काय बघायचं?” सटवाजी म्हणाला. त्याने भिंतीला चुना फासला आणि घरची नक्कल वर उतरवली. सगळ्यांनी वाहवा केली. त्याला धन्य वाटले.

धाकजीचा मुलगा कान्हू त्या वर्षी नवा तांडेल झाला होता. त्याने नकाशा नीट पाहिला, काकाच्या पाया पडला आणि भरतीला होडी काढली. होडी त्या खडकावर फुटली. खलाशी पोहत परतले. कान्हू परतला नाही.

धाकजी आला तो थेट चावडीत. सटवाजी तिथेच होता; धाकजी भिंतीवर आपली खूण शोधू लागला.

“दादा, मी इथं लाल खूण केली होती. कुठं गेली?”

सटवाजी भिंतीकडे धावला. तो नखांनी चुना खरवडू लागला. खाली खूण होती, जशीच्या तशी. भावाने शिवी दिली असती तर बरे झाले असते. पण धाकजी निघून गेला, आणि पुन्हा कधी त्याच्याशी बोलला नाही.

तात्पर्य: नकाशा असो की संगणकातली फाइल, घरी नेलेली नक्कल मुळावर चढवण्याआधी मधल्या काळात मूळ किती बदलले ते पाहावे, नाहीतर आपल्या कष्टांनी आपण दुसऱ्याचे कष्ट पुसतो, आणि गेलेले मग खरवडून परत येत नाही.