लायकी बघून वाढ

"त्या मेल्याला पंगतीला कुणी बसवलं?"

"मी," सलोमीबाई म्हणाल्या.

हौसाच्या अंगाचा तिळपापड झाला. गोदाकाठचा हा ख्रिस्ती आश्रम सांभाळणाऱ्या म्हातारीला चळ लागलाय की काय? गेल्या शिमग्यात याच धोंडिबाने आश्रमाची कडब्याची गंजी पेटवली होती. गाभण गाय जळून मेली. तिचं दावं सोडवताना हौसाचे दोन्ही हात भाजले, अजून मूठ नीट मिटत नाही. आणि आता पोरांनी घराबाहेर काढलं म्हणून हा बाबा इथं खुशाल मांडी घालून आमटी-भाकरीची वाट बघतोय.

"माफी तरी मागितली का त्यानं?"

"नाही."

"तरी जेवू घालायचं?"

"भूक लागलीय म्हणाला."

"उठता बसता प्रभूची कृपा, प्रभूची कृपा म्हणता बाई. तिला काही धरबंध आहे का?"

"नाही."

"तो जेवला तर मी आजच इथनं चालले. बारा वर्षं राबतेय मी. माणसाची लायकी बघायची का नाही?"

सलोमीबाईंनी आमटीची पळी हौसाच्या हातात दिली आणि धोंडिबाशेजारी जाऊन बसल्या.

"बघ लायकी. तशीच वाढ. माझ्यापासून सुरू कर."

"तुमची काय बघायची?"

"दुष्काळाच्या साली मी गाव सोडलं. पदरात दोन भाकरी होत्या. सासूला उठवत नव्हतं, ती तुकडा मागत होती... मी बाहेरून कडी लावली आणि निघाले."

धोंडिबाने मान वर करून पाहिलं.

हौसाचा राग काही उतरला नाही. उलट आता तो म्हातारीवरही होता. हिला तिने देवाच्या जागी मानलं होतं.

"हे इथं कुणाला ठाऊक होतं?"

"माझ्या आधीच्या मोठ्या बाईंना. आले त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यापुढे ताट ठेवलं."

"का?" हौसाचा आवाज चिरकला. "का वाढलं त्यांनी तुम्हाला?"

सलोमीबाईंनी रिकामं ताट पुढे सरकवलं.

"चाळीस वर्षं झाली, हौसा... अजून कळलेलं नाही."