आतल्या कोठीतला दाणा

फार पूर्वी माळावरच्या एका वारुळात, अगदी आतल्या कोठीत, एका दाण्याला बुरशी आली. ती पसरली असती तर सगळ्या मुंग्यांना पावसाळा उपाशी काढावा लागला असता.

शेजारची घूस म्हणाली, "मी वरून उकरते. कोठी लगेच उघडी पडेल."

"आणि वरच्या खोल्यांमधली अंडी?" म्हाताऱ्या रेवा मुंगीने विचारलं.

तिला आतली वाट ठाऊक होती. दालनातून खोलीत, खोलीतून कोठीत ती शिरली, बुरशीचा तेवढा दाणा उचलला, त्याच्या जागी दुसरा कोरडा दाणा ठेवला आणि बुरशीचा दाणा घेऊन आल्या वाटेने परतली.

घुशीने वारूळ न्याहाळलं. "अगं, पण काहीच बदललं नाही!"

"बदललं की, बिघडलं होतं तेवढं," रेवा म्हणाली.